एक कान उघडा ठेवजो

दुकानात कोणी आलं आणि "भाऊ, स्वस्तातला, पण बाहेरचा आवाज बंद करणारा हेडफोन दाखवा" म्हणालं, की मी आधी एकच विचारतो, "कोणाचा आवाज बंद करायचाय?" गिऱ्हाईक हसतं. त्याला वाटतं, दुकानदार गमत्या आहे. मी गंमत करत नसतो. हा प्रश्न मुळात माझा नाहीच, तो पार्बताकाकीचा. हेडफोनबद्दल इतकं मुद्द्याचं मला ना कधी कंपनीच्या माणसानं विचारलं, ना मोबाइलवर माल उलगडून दाखवणाऱ्या पोरांनी.

काकी आता नाही. गेल्या उन्हाळ्यात तापानं गेली. पण हेडफोनचा डबा उघडला की अजून मला वाटतं, मागून कोणीतरी डोळे बारीक करून बघतंय आणि आता म्हणेल, "असं? तं मंग पाहू."

आज माझं दुकान मूलला, तालुक्याच्या गावी आहे. आधी ते आमच्या गावातच होतं, घराच्या पुढच्या खोलीत. मूलहून चामोर्शीकडे जाताना आत वळलं की आमचं गाव. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला थेट जंगल. माझ्या दुकानामागे काकीचं घर, आमच्या दोघांच्या मध्ये नुसतं काट्यांचं कुंपण, आणि काकीच्या घराला लागून धान कांडायची मिल. ती मिल सकाळी सुरू झाली की घूंऽऽ करत दिवस मावळेपर्यंत. काकीचं अर्धं आयुष्य त्याच मिलमध्ये तांदूळ पाखडण्यात गेलेलं. त्यामुळे तिला हळू बोलणं माहीतच नव्हतं. मीठ मागायची तेही ओरडून.

आणि विश्वास? तो तिचा कोणावरच नव्हता. साबण घेतला की आधी वास, मग नखानं खरवडून आतला रंग बघायची. काडीपेटी घेतली की एक काडी माझ्यासमोरच ओढायची.

"पेटली ना काकी?"

"एक पेटली. बाकीच्यायचं का?"

आरोग्य केंद्रातली सिस्टर रक्तवाढीच्या गोळ्या घेऊन आली तर काकी म्हणे, "तू खाऊन दाखव आंधी." ती बिचारी खाऊन दाखवायची! मग काकी अर्धा दिवस तिच्याकडे बघत बसायची, हिला काही होतं का म्हणून. एकदा जंगलखात्यानं गावाच्या कडेला झाडाला कॅमेरा बांधला, वाघ येतो-जातो ते कळावं म्हणून. सगळं गाव बघून आलं, कौतुक करून आलं. काकीनं त्याच्यासमोर उभं राहून गार्डाला विचारलं, "वाघाचा फोटू काढाचा हाये तं याचं तोंड आमच्या बायायच्या पायवाटेकडं काऊन?" गार्ड म्हणाला, वाघ त्याच वाटेनं येतो. काकी म्हणाली, "मंग त्याले सांग, दुसऱ्या वाटेनं ये मनाव." आणि कॅमेऱ्यावर आपला जुना लुगड्याचा धडपा टाकून घरी आली. शेवटी गार्डानं मुकाट्यानं कॅमेरा दोन झाडं पलीकडे सरकवला.

पण गावाला तिचा खरा राग होता तो वेगळ्याच गोष्टीसाठी. काकी दिवसभर सुनेला हाका मारायची. मुलगा बल्लारपूरकडे ट्रकवर, आठवड्यानं घरी येणार. घरात या दोघीच. काकी मागे अंगणात असो, विहिरीवर असो, बांधीवर असो, थोड्या थोड्या वेळानं "प्रणालीऽऽ!" आतून "ओ, आई" आलं पाहिजे. नाही आलं तर हातातलं काम टाकून काकी स्वतः बघायला हजर. काम काहीच नसायचं. नुसती ओ हवी. बाया म्हणत, सुनेवर काय हा पहारा! पोट्टी कोणाशी बोलते, कुठे जाते, सगळ्यावर म्हातारीचा कान. मीही तेच म्हणायचो. कुंपणाच्या अलीकडून रोज ऐकायचो ना! माझंच डोकं उठायचं, तर त्या पोरीचं काय होत असेल?

प्रणाली मात्र कधी तोंड वर करून बोलली नाही. शिकलेली, गोड, हिंदी साफ बोलणारी पोरगी. लग्न होऊन आली तेव्हापासून रोवण्याच्या दिवसांत चिखलात उभी राहून धान लावायची आणि कंबर धरून घरी यायची. मग तिला घरबसल्या नोकरी लागली. पाणी शुद्ध करायच्या मशिनीच्या तक्रारी फोनवर घ्यायच्या. मशीन बंद पडलं, पाणी गळतंय, माणूस आला नाही, सगळं ऐकून घ्यायचं आणि गोड बोलायचं. लॅपटॉप मिळाला, पगार तिच्या नावावर येऊ लागला. ती पोरगी चालायला पण वेगळीच लागली हो! पहिल्यांदा माझ्या दुकानात येऊन स्वतःसाठी काहीतरी मागितलं तिनं, तेव्हा मला खरंच बरं वाटलं.

तिनं मागितला तो हेडफोन.

"राजूभाऊ, गिऱ्हाइकं चिडून राह्यले. काल एकजण मने, मॅडम, आप चक्की में बैठी हैं क्या? वरच्या मॅडमनं सांगतलं, आनखी तक्रार आली तं काम बंद."

तिचे डोळे भरून आले होते. म्हणाली, "हे गेलं तं मी पुन्हा चिखलात. मले नाई जाचं भाऊ पुन्हा चिखलात."

तिच्या मागे काकी उभी. तिनं ते सगळं ऐकलं की नाही कोण जाणे. तिनं माझ्याकडे बघितलं, भिंतीवरच्या हेडफोनांकडे बघितलं आणि विचारलं, "हे घातल्यावर का होते?"

"बाहेरचा आवाज बंद होतो, काकी."

"कोनाचा आवाज बंद कराचा हाये हिले?"

मी म्हणालो, मिलचा. काकी म्हणाली, "मिलचा बंद होइन आन माहा चालू राहीन, असं सांगतलं का त्याले कोनी?" आणि सुनेकडे असं बघितलं की प्रणालीनं मान खाली घातली.

खरं सांगतो, काकीचा संशय जितका चिडका, तितकाच माझ्या धंद्याच्या मर्मावर बोट ठेवणारा होता. या स्वस्त हेडफोनांच्या डब्यांवर मी स्वतः काडीचा विश्वास ठेवत नाही. डब्यावर ठळक लिहिलेलं असतं, 'नॉइज कॅन्सलेशन'. पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी. एक, आपल्या कानात येणारा गोंगाट कमी करायचा. दुसरी, आपल्या माइकमधून समोरच्याला जाणारा गोंगाट कमी करायचा. लोक घेतात पहिल्यासाठी, गरज असते दुसऱ्याची, आणि स्वस्त मालात दोन्हीतलं एखादंच थोडंफार चालतं. दुकानदार सांगत नाही. सांगितलं तर डबा तसाच पडून राहतो.

पहिल्यांदा मी गळ्यात अडकवायचा दिला. दुसऱ्याच दिवशी परत. प्रणालीच्या कानात कोंबडी ओरडलेली कमी ऐकू यायची, पण समोरच्या माणसाला ती जशीच्या तशी. एकानं तर विचारलं म्हणे, अंडी पण विकता का? काकी डबा माझ्या काउंटरवर आपटून म्हणाली, "मीनं सांगतलं होतं." तिनं काही सांगितलं नव्हतं, पण वाद कोण घालणार.

मग मी मोठा दिला, दोन्ही कान पूर्ण झाकणारा. हा मी स्वतः मिलच्या दारात उभा राहून घालून बघितला होता. स्वस्तातला असून चांगला होता. मिलची घूंऽऽ बरीचशी गायब, माइकही बरा. एक मेख होती, ती अशा सगळ्या मालात असते: एकसुरी घुरघूर कापली जाते, पण अचानक आलेली हाक, कुत्र्याचं भुंकणं, भांडं पडणं, हे येतंच कानात. मला वाटलं, वा! मिल बंद, काकी चालू. यापेक्षा काय पाहिजे?

काकीनं तिची परीक्षा लावली. प्रणालीला हेडफोन घालून आत बसवलं आणि स्वतः मागे अंगणाच्या टोकाला, मिलच्या भिंतीपाशी जाऊन हाक मारली. मी दुकानात गिऱ्हाईक बघत होतो. काकीची हाक ऐकली, पुढचं माझ्या लक्षात नाही. काकी तरातरा आली. "नाई देल्ली ओ. वापस घे हे भूत."

"आई, मी देल्ली होती," प्रणाली दारातून म्हणाली.

"खोटी बोलू नोको वं."

मी काकीला सांगितलं, चार दिवस वापरू द्या. चार दिवस कुठले! दुसऱ्याच दिवशी प्रणाली एका गिऱ्हाइकाशी बोलत होती. काकीनं मागून हाक मारली. एकदा, दोनदा. आणि मग काकी धावतच आत आली, सुनेच्या डोक्यावरून हेडफोन ओढून काढला आणि ओरडली, "मेलीस का?" ते गेलं थेट नागपूरच्या त्या माणसाच्या कानात. त्यानं तक्रार ठोकली. वरच्या मॅडमकडे प्रणाली फोनवर रडली, हात जोडले, तेव्हा कुठे शेवटची संधी मिळाली. शेवटची म्हणजे शेवटची.

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. दुकान उघडं टाकून मी काकीच्या अंगणात गेलो. ती लाखोरीची डाळ निवडत बसली होती. मी म्हणालो, "काकी, तुमाले सुनेची नोकरीच नको हाये. सरळ सांगा ना! ते हेडफोन चांगले हायेत, मीनं तपासले. तुमी मुद्दाम नाटक करून राह्यले."

मला वाटलं आता शिव्यांचा पाऊस पडणार. काकीनं डाळीतला खडा काढून बाजूला टाकला. म्हणाली, "बस."

मी बसलो.

"सखू माहीत हाये का तुले? नाई. तू लहान असशील. माही मोठी जाऊ. मोहाचे दिवस होते. आमी दोघी मोहफुलं येचाले गेलतो. आदल्या दिवशी भांडन झालतं आमचं, पान्यावरून का कशावरून तं. एका झाडाखाली ती, एका झाडाखाली मी."

आमच्याकडे बाया मोहफुलं वेचायला गेल्या की वाघाच्या धास्तीनं मधूनमधून एकमेकींना हाक मारतात. ओ आली की पुन्हा वेचायला लागायचं. ओ नाही आली तर टोपल्या टाकून सगळ्या एकत्र होतात आणि गलका करतात. हे आमच्याकडच्या लेकराला पण माहीत असतं.

"मीनं हाक मारली, सखूऽऽ. ओ नाई. मले वाटलं, रुसली हाये. भाव खाऊन राह्यली. मंग मीनं बी नाई मारली दुसरी हाक. माही टोपली भरली, मी घरी आली. ती नाई आली."

मिल चालू होती. काकी एवढं ओरडून बोलणारी, पण हे तिनं इतकं हळू सांगितलं की मला तिच्याजवळ सरकावं लागलं.

"ओ नाई आली तं मले जाऊन पाहाच लागते, राजू. इथी आंगनात असली तरी. तुले वाटते, मी तिच्यावर नजर ठेवतो. वाटू दे."

मला लाज वाटली. पण दुकानदाराची जात, डोक्यात किडा वळवळतच राहिला. सखूची गोष्ट खरी, मान्य. पण हेडफोनचं काय? त्यात हाक ऐकू येते, मी स्वतः बघितलंय. मग प्रणाली ओ देत नाही, की काकी खोटं बोलते? दोघींपैकी एक जण लबाड आहे, एवढं मला पक्कं वाटत होतं.

मी म्हणालो, "काकी, आणखी एकदा करू परीक्षा. मी आत तिच्याजवळ बसतो."

"असं? तं मंग पाहू," म्हणून काकी उठली.

प्रणालीनं तो मोठा हेडफोन घातला. मी तिच्यासमोर बसलो. काकी मिलच्या भिंतीपाशी गेली आणि हाक आली, "प्रणालीऽऽ!" प्रणालीनं लगेच मान वळवली आणि मोठ्यानं, अगदी घसा ताणून ओरडली, "ओ, आईऽऽ!" माझ्या कानात दडे बसले. थोड्या वेळानं काकी दारात आली. चेहरा उतरलेला. माझ्याकडे बघून म्हणाली, "पाह्यलं ना? नाई देल्ली."

मी तोंड उघडलं. प्रणालीनं काकीच्या मागून ओठांवर बोट ठेवलं.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मिलमध्ये इतकी वर्षं काढलेली ती बाई. तिचे कानच गेले होते! समोरासमोर, तोंडाकडे बघत असली की तिचं बरोबर चालायचं. लांबून, त्यातून मिल चालू असताना, तिला काहीच कळत नव्हतं. आणि जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेणाऱ्या त्या बाईला आपल्या कानांचा संशय एकदाही आला नव्हता.

प्रणाली नंतर दुकानात आली. मी म्हणालो, "अवं, सांग ना त्यांना! चंद्रपूरला नेऊ, डॉक्टरला दाखवू. रोजची बोलणी का खाऊन राह्यली?"

ती काउंटरच्या काचेवर बोट फिरवत म्हणाली, "मले लई दिवसांपासून माहीत हाये, भाऊ. पन कसं सांगू? सखूबाईच्या वेळेस बी आई मिलमध्येच कामाले जात होत्या, कान तवाच गेले असतीन. मी एकदा सांगतलं का तुमाले आयकू येत नाई, तं त्या का मनतीन माहीत हाये? त्या मनतीन, सखूनं ओ देल्ली असन. मलेच आयकू नसन आली."

मी हातातला डबा खाली ठेवला.

"मंग त्या जगतीन का, भाऊ? मले खोटी मनू द्या."

ती गेल्यावर मी शटर अर्धं ओढून बसून राहिलो. मन भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू. सासूनं सुनेला लबाड म्हणायचं, गावानं सासूला खाष्ट म्हणायचं, आणि ही पोरगी मध्ये उभी राहून दोन्ही अंगांनी सोसणार. वर नोकरी पण टांगणीला.

पुढच्या फेरीत चंद्रपूरच्या होलसेलवाल्याकडे मी धूळ खात पडलेला एक माल हुडकून काढला. एका कानाचा हेडफोन, तोंडासमोर येणारी माइकची दांडी. ट्रकवाले घेतात असला. दिसायला अगदीच मामुली, डब्यावर मोठमोठी वाक्यं नाहीत. पण माइक तोंडाशीच असल्यामुळे समोरच्याला मिल ऐकूच येत नव्हती. मी मिलच्या दारात उभा राहून बायकोला फोन लावला. ती म्हणाली, देवळात आहात का? मी म्हटलं, हाच!

काकीनं तो उलटसुलट करून बघितला. दांडी वाकवून बघितली. वास घेतला.

"एकच कान?"

"हो, काकी. दुसरा उघडा."

"दुसऱ्याचे पैसे का खाल्ले त्यायनं?"

"नाई हो, असाच येतो."

तिनं प्रणालीच्या डोक्यावर तो स्वतः चढवला, तिचे केस कानामागे सारले, आणि उघड्या कानाला हात लावून म्हणाली, "हा असाच उघडा ठेवजो. दोन्ही कान झाकशील तं याद राख." मग माझ्याकडे वळून, "आन तू. नाई चाललं तं वापस घेशील का?"

"घेईन."

"असं? पाहू."

तो हेडफोन परत आला नाही. प्रणालीचं कामही टिकलं. ते कसं जमलं, हे मला बरेच दिवस उमगत नव्हतं. कारण माइक चांगला होता म्हणजे प्रणालीची ओ पण गिऱ्हाइकाच्या कानात चांगलीच जाणार. आणि एवढं करून काकीला ती ऐकू येणार नाहीच. मग रोजचा तमाशा थांबला कसा? मला पुन्हा संशय यायला लागला की काकीनं हाका मारणंच सोडलं. पण हाका तर चालू होत्या.

ते मला कळलं दुकान मूलला हलवलं त्या दिवशी. काकीला मी शेवटचं बघितलं ते तेव्हाच. पुढे टेम्पोत रॅक चढत होते आणि मी मागच्या बाजूला वायर गुंडाळत उभा होतो. मिल जोरात चालू. काकी अंगणाच्या टोकाला चटईवर डाळ वाळत घालत होती. कंबर सरळ केली आणि तिनं हाक मारली, "प्रणालीऽऽ!"

आतून प्रणालीचा आवाज येत होता, "जी सर, मैं समझ रही हूँ, आपका पानी दो दिन से बंद है..." बोलत बोलतच ती मागच्या दारात आली. डोक्यावर तो एका कानाचा हेडफोन. काकीनं कपाळावर हात धरून, डोळे बारीक करून तिच्याकडे बघितलं, तशीच, संशयानं. प्रणाली क्षणभर थांबली, दांडीवरचा माइक मुठीत धरला, आणि सबंध तोंड उघडून, आवाजाचा एक कणही न काढता, ओठांचा मोठा गोल करून ओ दिली.

मी कुंपणापाशी उभा होतो. काहीही ऐकू आलं नाही.

"हां," काकी म्हणाली, "आता कशी आयकू आली," आणि खाली वाकून डाळ पसरायला लागली.